कानांतले बोळे : एका दूषणाची फेरतपासणी

मराठीत ‘कानांत बोळे घालून बसणे’ हा वाक्प्रचार दूषण म्हणूनच वापरला जातो. गाऱ्हाणे मनावर न घेणारा अधिकारी, घरातली हाक न ऐकणारा गृहस्थ, काळाची चाहूल न लागलेला लेखक या साऱ्यांच्या कानांत बोळे असतात. ऐकणे हे कर्तव्य आणि कान बंद करणे हा अपराध, असा निवाडा भाषेने आधीच देऊन ठेवला आहे. परंतु भांड्यांचा खणखणाट, शेजारचा दूरचित्रवाणी संच, रस्त्यावरचे भोंगे हे सारे ज्यांना नुसते नकोसे नव्हे तर असह्य होते, आणि म्हणून जे रोज खरोखरच कानांत बोळे घालून वाचतात, लिहितात, प्रवास करतात, झोपतात, त्यांचे काय? या क्षुल्लक वस्तूचा इतिहास पाहिला तर तो निवाडा पुन्हा तपासावा लागेल, असे आम्हांस वाटते.

साहित्यातले सर्वांत प्रसिद्ध बोळे मेणाचे आहेत. होमरच्या ‘ओडिसी’च्या बाराव्या सर्गात ओडिसियस आपल्या वल्हेकऱ्यांच्या कानांत मेण भरतो आणि स्वतःला डोलकाठीला बांधून घेऊन सायरेनांचे गाणे ऐकतो. १९४०च्या दशकात होर्कहायमर आणि आडोर्नो यांनी या प्रसंगाचा अर्थ श्रमविभागणीच्या अंगाने लावला. ज्यांनी वल्ही मारायची त्यांनी ऐकायचे नाही. ऐकण्याची चैन धन्याची. मेण कोणाच्या कानांत गेले आणि ते कोणाच्या इच्छेने, हा प्रश्न यातून उभा राहतो. पुढच्या इतिहासातही तोच आपल्याला वाट दाखवील.

एकोणिसाव्या शतकातील विद्वानांनी गोंगाटाशी झुंज दिली ती मात्र मेणाने नव्हे. भिंतींनी, कायद्याने आणि लेखणीने. शोपेनहौरने १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधसंग्रहात गोंगाटावर एक जळजळीत प्रकरण लिहिले. त्याचा मुख्य रोख गाडीवानांच्या चाबकाच्या फटकाऱ्यावर होता. गोंगाट ज्यांना सोसतो त्यांच्यापर्यंत विचार आणि काव्यही पोहोचत नाही, असा त्याचा दावा होता. लंडनमध्ये कार्लाइलने १८५३ साली चेल्सीतल्या घराच्या माथ्यावर दुहेरी भिंतींची, छतातून उजेड घेणारी खोली बांधून घेतली. ती फसली. पूर्वी न जाणवलेले दूरचे आवाज तिथे पोहोचू लागले. गणितज्ञ चार्ल्स बॅबेज याने रस्त्यावर पेटी वाजवणाऱ्यांविरुद्ध मोहीमच उघडली आणि १८६४ साली त्यांना घरासमोरून हटवण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. ते वादक बहुतांशी गरीब होते, त्यांत इटलीतून आलेले स्थलांतरितही पुष्कळ होते. शांततेची मागणी न्याय्य असली तरी ती वरून खाली बोलत होती, हे विसरता येत नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दोन वाटा जवळजवळ एकाच वेळी फुटल्या. १९०७ साली बर्लिनमध्ये माक्स नेगव्हेर या औषधविक्रेत्याने मेणात भिजवलेल्या कापसाचे बोळे बनवण्याचा उद्योग काढला. जर्मन ‘ओर’ म्हणजे कान आणि लॅटिन ‘पाक्स’ म्हणजे शांती, यांच्या संधीतून त्यांचे नाव पडले ‘ओरोपाक्स’. १९०८ साली तत्त्वज्ञ थिओडोर लेसिंग याने हानोव्हर येथे गोंगाटविरोधी संघ स्थापला. नेगव्हेर ऐकणाऱ्याचा कान बंद करीत होता. लेसिंग आवाज करणाऱ्याला आवर घालू पाहत होता. संघ थोड्याच वर्षांत मावळला, बोळे आजही विकले जातात. गोंगाटाची जबाबदारी करणाऱ्याकडून सोसणाऱ्याकडे सरकली ती अशी, गाजावाजा न होता.

तरीही नेगव्हेरच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे. प्रूस्तने १९१० साली पॅरिसमधल्या आपल्या शयनगृहाच्या भिंतींना बुचाच्या लाकडाचे अस्तर लावून घेतले. अशी खोली किती जणांना परवडणार? काफ्काला परवडणारी नव्हती. कामगार अपघात विमा संस्थेत नोकरी, आणि घर असे की वडिलांची ये-जा त्याच्याच खोलीतून. १९१२ साली छापलेल्या ‘मोठा गोंगाट’ या छोट्या गद्यखंडात त्याने दारांचे, बहिणींचे, चुलीच्या झाकणाचे आवाज नोंदवले आहेत. १९१५ साली फेलिस बाउअरला लिहिलेल्या पत्रात तो बर्लिनहून ओरोपाक्स मागवल्याचे सांगतो. पुढे त्या बोळ्यांवाचून त्याचे पान हलेना. १९१७ साली त्याने सायरेनांची कथा पुन्हा लिहिली. तिच्यात ओडिसियस स्वतःच्याच कानांत मेण घालतो. धनी आणि वल्हेकरी तिथे एकच झाले आहेत. हा बदल केवळ रूपकाचा नसावा, असे म्हणण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. ज्याला काम करायचे आहे आणि भिंती बांधता येत नाहीत, त्याच्यासाठी बोळा हीच खोली.

पण खोलीलाही तिचा शाप असतो. ‘बीळ’ ही काफ्काची १९२३-२४च्या हिवाळ्यातली अपूर्ण कथा. तिच्यातल्या प्राण्याला आपल्या बिळाची शांतता सर्वांत प्रिय आहे, आणि त्याच शांततेत त्याला एक बारीक सुसकारा ऐकू येऊ लागतो. तो थांबत नाही, सापडतही नाही. कार्लाइलच्या खोलीचाही अनुभव असाच होता. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या फॉर्म्बी आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगाने याला शास्त्रीय आधार दिला. सामान्य श्रवणशक्तीच्या व्यक्तींनी दोन आठवडे कानांत बोळे वापरले, तेव्हा नंतर त्यांना तेच आवाज अधिक मोठे भासू लागले. बाहेरून कमी मिळाले की श्रवणयंत्रणा आतून आपली पट्टी चढवते. म्हणूनच अतिश्रवणसंवेदनेने त्रासलेल्यांना तज्ज्ञ आज सांगतात की मोठ्या आवाजात कान जरूर झाकावेत, पण साध्या, सुरक्षित आवाजांत अहोरात्र बोळे घालून राहू नये.

शोपेनहौरचा दावा मात्र टिकला नाही. आवाज न सोसणे हे प्रज्ञेचे लक्षण नव्हे. अर्धशिशी, कानाची इजा, स्वमग्नता अशा अनेक अवस्थांत ते आढळते, आणि ते गाडीवानालाही होऊ शकते. आपण एरवी आवडीचे काही ‘कानांत प्राण आणून’ ऐकतो. या माणसांचे प्राण प्रत्येक आवाजासाठी कानांत येतात, त्यांच्या इच्छेविरुद्ध. वर्गात, वाचनालयात, लोकलच्या डब्यात जो बोळे घालतो तो जगाकडे पाठ फिरवत नसतो. उरलेले जग सुसह्य व्हावे म्हणून तो त्यातले थोडे गाळून घेत असतो. समोरचा विद्यार्थी असा बसलेला दिसला तर शिक्षकाने त्याला उद्दाम ठरवण्यापूर्वी एकदा विचारावे, एवढे तरी या इतिहासाने शिकवावे.

मात्र बोळा हे व्यक्तीचे साधन आहे, समाजाचे उत्तर नव्हे. १९७०च्या दशकात फोमचे बोळे आले आणि कारखान्यांत पसरले. यंत्र शांत करण्यापेक्षा कामगाराचे कान झाकणे स्वस्त पडते, म्हणून वल्हेकरी पुन्हा मेण घालून वल्ही मारू लागला. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकांना मनाई केली. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई अधोरेखित केली. त्याच नियमांत सण-उत्सवांसाठी वर्षाकाठी १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीची सवलतही आहे. महाराष्ट्रात गणेशोत्सव आणि नवरात्रात ती कशी वापरली जाते, हे वाचकांना सांगायला नको.

अशा रात्री ज्याला झोप हवी तो बोळे घालतो, आणि त्याने ते घालावेत. परंतु मर्यादा लिहिलेली असताना, तक्रार आलेली असताना ती ऐकू न येणारेही असतात. वाक्प्रचारातले दूषण आम्ही रद्द करू इच्छीत नाही. ते योग्य कानांपर्यंत पोहोचावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.