अडगळीतला इतिहास

आमच्या घरी अरबी-उर्दू अक्षर असलेला कागद कचऱ्यात जात नसे. अम्मी तो पिशवीत जमवायची. पिशवी भरली की नदीत ‘ठंडी’ करायची. जुन्या कैरोतल्या बेन एझ्रा या ज्यूंच्या प्रार्थनास्थळातही अशीच रीत होती. देवाचं नाव असेल असा जीर्ण कागद टाकायचा नाही, अडगळीच्या खोलीत ठेवायचा. पुढे तो पुरायचा. पण पुरणं राहून गेलं.

१८९६-९७च्या हिवाळ्यात केंब्रिजचे सॉलोमन शेक्टर तिथं पोहोचले आणि सुमारे १ लाख ९३ हजार तुकडे घेऊन परतले. त्यांत धर्मग्रंथ होतेच. शिवाय व्यापाऱ्यांची पत्रं, हिशेब, लग्नाचे करार. भाषा बऱ्याचदा अरबी, लिपी हिब्रू!

बाराव्या शतकात मंगळूरला राहिलेला व्यापारी अब्राहम बेन यिजू याच कागदांतून आपल्याला भेटतो. ११३२ साली त्यानं अशू नावाच्या दासीला मुक्त केलं, तो लेखही उरला आहे. अशूची नोंद कोणत्या दरबारानं ठेवली असती? साध्या माणसांचा इतिहास जपला तो अक्षराचा मान राखणाऱ्यांनी.

माळ्यावरचं बोचकं रद्दीत देण्याआधी एकदा सोडून पाहावं. अम्मीच्या पिशव्यांत काय काय होतं, ते मी कधी पाहिलंच नाही.