छत्रीचं नाव विसरलेले गृहस्थ आणि त्यांची लेक



मामंजी गेल्यावर साधारण वर्षभराने सासूबाईंचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग दूधवाल्याचा हिशेब. पुढे रोज संध्याकाळी त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारायला लागल्या, "यांचं जेवण झालं का गं? दिवस मावळायला आला." पहिल्या दिवशी मी खरं ते सांगितलं. त्यांनी ते जणू पहिल्यांदाच ऐकलं, आणि त्या रात्री घरात कोणाच्या घशाखाली पाणी उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. वन्सं म्हणायच्या, "वहिनी, खरंच सांगत जा, खोट्यात कशाला ठेवायचं?" आमचे हे म्हणायचे, "जेवले म्हण आणि विषय सोड." यावरून बहीणभावांत इतकं वाजलं, की राखीपौर्णिमासुद्धा कोरडीच गेली.

त्याच दिवसांत माझ्या हाती अमेरिकन लेखक राल्फ वाल्डो इमर्सन यांचं चरित्र आलं. बी.कॉम.ला इंग्रजीच्या पुस्तकात यांचा एक उतारा होता, परीक्षेपुरता वाचला होता. गांधीजींनी 1909 साली तुरुंगातून मुलाला पत्र लिहून यांचे निबंध वाचायला सांगितले होते, एवढं मला ठाऊक होतं. त्यांच्या घरात काय काय घडलं, ते मात्र तेव्हाच कळलं.

इमर्सन यांचा जन्म 1803 सालचा, बॉस्टनचा. 1829मध्ये एलन टकर नावाच्या मुलीशी लग्न झालं. तिला क्षय होता. फेब्रुवारी 1831मध्ये ती गेली, वय अवघं एकोणीस. इमर्सन रोज चालत तिच्या थडग्यापाशी जायचे. पुढच्या वर्षी मार्चमध्ये एके दिवशी त्यांनी तिची शवपेटी उघडून पाहिली. रोजनिशीत तेवढीच नोंद आहे, कारण लिहिलेलं नाही. वाचताना अंगावर काटा येतो, पण मला वाटतं, या माणसाला गेलेल्याचं तोंड स्वतः पाहिल्याशिवाय पटतच नसावं. त्यानंतर 1834 आणि 1836मध्ये दोन भाऊही क्षयानेच गेले.

आता थोडं हिशेबाचं, माझा विषयच तो. एलनच्या वडिलांच्या मालमत्तेतला तिचा वाटा इमर्सनना मिळायचा होता. सासरच्यांशी कोर्टात जावं लागलं. 1834मध्ये सुमारे 11,600 डॉलर आले, 1837मध्ये आणखी 11,674. पहिल्या रकमेचं वर्षाला 1,200 उत्पन्न त्यांनी धरलं होतं. धर्मोपदेशकाची नोकरी 1832मध्येच सोडलेली. म्हणजे 1835 साली कॉन्कॉर्ड गावात दुसऱ्या पत्नीबरोबर जो संसार मांडला, त्याचा मोठा आधार पहिलीच्या पैशाचा होता. दुसरी म्हणजे लिडिया जॅक्सन. लग्नानंतर नवऱ्याने तिला लिडियन म्हणायला सुरुवात केली. (लग्नात नाव बदलण्याचं आपल्याला काय नवल!) लिडियनला मी या लेखात अगंतुगंच करणार आहे, कारण ती मला शेजारीण वाटते. मुक्या जनावरांचे हाल तिला बघवत नसत. तिच्या कोंबड्या बागेतली झाडं उकरायच्या, तर त्यांना कोंडायचं सोडून पायांत घालायला चामड्याचे जोडे करून घेतले. ते करून दिले हेन्री थोरो यांनी, तेच पुढे प्रसिद्ध झालेले.

1839मध्ये मुलगी झाली, तेव्हा तिचं नाव एलन ठेवायचं लिडियननेच सुचवलं. सवतीचं नाव, तेही मेलेल्या सवतीचं, आपल्या पोटच्या पोरीला. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. माझ्याच्याने झालं नसतं.

थोरल्या मुलाचं नाव वाल्डो. 27 जानेवारी 1842 रोजी तो स्कार्लेट फीवरने गेला, वय पाच वर्षं. त्याच महिन्यात, दोनच आठवडे आधी, त्यांच्या घरात राहणाऱ्या थोरोंचा भाऊ धनुर्वाताने गेला होता. शेजारची नऊ वर्षांची लुईझा वाल्डो कसा आहे विचारायला दारात आली, तेव्हा इमर्सन कसेबसे एवढंच म्हणाले, की बाळ, तो गेला. ही लुईझा म्हणजे पुढे 'लिटल विमेन' लिहिणारी लुईझा मे अल्कॉट.

घर इथे दुभंगलं. लिडियनच्या मांडीवर दोन महिन्यांची एडिथ होती, एलन जेमतेम तीन वर्षांची, आणि इमर्सन फेब्रुवारीतच व्याख्यानांसाठी बाहेरगावी गेले. पैसा लागत होता हे खरं. पण दोन वर्षांनी एका निबंधात त्यांनी लिहिलं, की मुलगा गेला तरी एखादी मालमत्ता गेल्यासारखंच वाटतं, दुःख मला आतपर्यंत शिवत नाही. पुष्कळ वाचकांनी त्यांना यावरून दगडाच्या काळजाचं ठरवलंय. मला तसं वाटत नाही, रडू न येणारी माणसं मी पाहिली आहेत. पण लिडियनने हे वाचलं तेव्हा तिला काय वाटलं असेल? ती वर्षानुवर्षं आजारी, उदास राहिली. इमर्सन 1847-48मध्ये इंग्लंडला होते, तेव्हा तिने दोन मायेचे शब्द मागितले आणि त्यांनी उत्तर पाठवलं, की माझा स्वभावच कोता आहे, मला तसं लिहिता येत नाही. 1857मध्ये वाल्डोची शवपेटी नव्या दफनभूमीत हलवली, तेव्हा मात्र त्यांनी आत डोकावून पाहिलं. पंधरा वर्षांनी.

आईची तब्येत अशी, म्हणून एलन तरुणपणीच घराचा कारभार बघू लागली. एडिथचं लग्न 1865मध्ये झालं. धाकटा एडवर्ड डॉक्टर झाला. एलनने लग्न केलं नाही.

24 जुलै 1872. पहाटे घराला आग लागली. इमर्सन तेव्हा 69 वर्षांचे होते. ते फाटकाशी धावत जाऊन ओरडले, आणि गाव धावून आलं. पुस्तकं, कागद, फर्निचर सगळं लोकांनी बाहेर काढून झाडांखाली ठेवलं. छत आणि वरचा मजला गेला. मदत करणाऱ्यांत लुईझाही होती, आता चाळिशीला टेकलेली. विसरण्याची लक्षणं आधीपासून होती, पण आगीनंतर ते फारच खचले. मित्रांनी वर्गणी काढली. एकाकडून 5,000 डॉलर जमले, दुसऱ्याकडून 10,000, तिसऱ्याने स्वतःचे 1,000 दिले. बापलेकीला युरोप आणि इजिप्तच्या प्रवासाला पाठवून दिलं आणि मागे घर जसंच्या तसं उभं केलं, अभ्यासिकेतली पुस्तकंसुद्धा आपापल्या जागी. मे 1873मध्ये दोघं परतली, तेव्हा शाळेला सुट्टी दिली होती, बँड होता, पानाफुलांची कमान होती. इमर्सन म्हणाले, की हा मान एका म्हाताऱ्याचा आणि त्याच्या लेकीचा नाही, हे सारं गावच एक कुटुंब आहे.

मग शब्द जायला लागले. आधी माणसांची नावं, मग वस्तूंचीही. नांगर म्हणायचं असेल तर जमीन कसायचं अवजार म्हणत. एकदा छत्री हवी होती आणि शब्द सापडेना. म्हणाले, नाव सांगता येत नाही, पण इतिहास सांगता येईल, परकी माणसं ती घेऊन जातात! तब्येत कशी आहे असं कोणी विचारलं तर सांगत, बुद्धी गेली आहे, बाकी अगदी उत्तम.

एलनने काय केलं? व्याख्यानाला ती पुढे बसायची, अडले की शब्द पुरवायला. प्रकाशकाला पुस्तक द्यायचं कबूल केलं होतं, ते आता त्यांच्या हातून होणं शक्य नव्हतं. तरुणपणी इमर्सननी आपल्या रोजनिशीला बचतीचं खातं म्हटलं होतं, रोज थोडं थोडं ठेवायची जागा. चाळीस वर्षांची ती ठेव आणि व्याख्यानांचे कागद एलनने आणि जेम्स इलियट कॅबट या स्नेह्याने उलगडले, जुळवले, आणि 1875मध्ये पुस्तक उभं राहिलं. खातं त्यांचं, पैसे काढून आणणारे हात दुसऱ्यांचे. 1880मध्ये गावच्या व्याख्यानमालेत त्यांचं शंभरावं भाषण झालं, तेव्हा ऐकायला आलेले सगळे उठून उभे राहिले. पूर्वीसारखं वक्तृत्व आता उरलेलं नाही, हे त्यांतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

इथे मला माझ्या घरचा प्रश्न पुन्हा आठवला. एलन वडिलांची चूक काढत बसत नसे, शब्द पुढे करायची. त्या संध्याकाळी सासूबाई दारात आल्या तेव्हा मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. विचारलं, "आई, मामंजींना तुमच्या हातचं काय आवडायचं हो?" त्या ओट्यापाशी बसल्या आणि ज्वारीच्या आंबिलीपासून सुरू झाल्या. वन्सं त्या दिवशी आलेल्या होत्या. त्यांनी फोनवर ते सगळं रेकॉर्ड करून भावाला पाठवलं. दोघं बरेच दिवसांनी एकमेकांशी बोलले, तेही आंबिलीत ताक किती घालायचं यावर. मी खोटं बोलले की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मार्च 1882मध्ये कवी लाँगफेलो गेले. अनेक वर्षांचे मित्र. इमर्सन शवपेटीपाशी गेले, पाहिलं, येऊन बसले, पुन्हा उठून गेले. मग शेजारच्याला म्हणाले, हे गृहस्थ फार गोड स्वभावाचे होते, पण मला त्यांचं नाव आठवत नाही. पुढच्याच महिन्यात पावसात भिजल्याचं निमित्त होऊन त्यांना न्यूमोनिया झाला. भिंतीवरच्या कार्लाइलच्या चित्राकडे बघून हा माझा माणूस म्हणाले, नाव नाही. आणि शेवटच्या दिवसांत कधीतरी, किती सुंदर होता तो मुलगा, असं म्हणाले, असं सांगतात. 27 एप्रिलला ते गेले. वाल्डोला जाऊन चाळीस वर्षं झाली होती.

एडवर्डने त्यानंतर डॉक्टरकी सोडली. पुढे 1909पासून वडिलांच्या रोजनिशीचे दहा खंड त्याने छापून आणले. सोबत संपादक होता एडिथचा मुलगा, नाव वाल्डो.

लिडियन 1892पर्यंत जगली, एलन तिच्याजवळ होती. वडिलांवर लिहिणारे पुष्कळ होते, कॅबटने लिहिलं, एडवर्डने लिहिलं. एलनने चरित्र लिहिलं ते आईचं. त्यात लिडियनचं लहानपण आहे, तिचे आजार आहेत, वाल्डोही आहे. एलन 1909मध्ये गेली. ते पुस्तक छापून निघालं 1980 साली.