कापसाच्या गावाला दुसरे दार



यवतमाळ जिल्ह्याचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजवटी येतात. भोसल्यांचा अंमल, निजामाचा अंमल, १८५३ च्या तहाने वऱ्हाडात आलेला इंग्रजांचा कारभार, आणि १९०५ साली वणीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याला मिळालेले यवतमाळ हे नाव, ही सारी हकिगत आपण शाळेत शिकलो. तथापि या जिल्ह्यावर आणखी एक सत्ता चालत आली आहे. शेतकऱ्याचा कापूस ज्या दारातून बाहेर पडतो, त्या दारावर बसणाऱ्याची ही सत्ता. हे दार आजवर कोणाकोणाच्या हाती गेले आणि त्यामुळे आपल्या गावांचे काय झाले, एवढाच आजचा आमचा विषय.

अमेरिकेतील यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. मुंबईहून निघालेली आगगाडी १८६७ साली नागपुरास पोहोचली. यवतमाळचा कापूस बंड्यांतून धामणगाव स्टेशनावर जाऊ लागला. पुढे मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी छोट्या रुळांची गाडी आली. तिलाच आपण प्रेमाने 'शकुंतला' म्हणतो. ती सरकारची नव्हती, एका खाजगी कंपनीची होती, आणि कंपनीचा कारभार मुंबईच्या किलिक निक्सन पेढीकडे होता. स्वातंत्र्यानंतर देशातील बहुतेक रेल्वे सरकारजमा झाल्या, तरी हिची मालकी कंपनीकडेच राहिली. १९९४ पर्यंत ती वाफेवर धावत होती. आता त्या रुळांवर गाडी धावत नाही. गाडी आमच्या गावात, पण तिचा मालक दूरच्या शहरात, हे पहिले उदाहरण लक्षात ठेवावे.

रेल्वेमागोमाग जिन आणि प्रेस आले. ज्याला शेतीची माहिती नाही त्याच्यासाठी सांगतो. वेचलेल्या कापसात वजनाने दोन वाटे सरकी आणि एक वाटा रुई असते. पूर्वी घरोघरी बायका हाताने सरकी वेगळी काढीत. ते काम जिनाच्या यंत्राने घेतले आणि त्यासोबत त्यांची मजुरीही गेली. सरकीसकट कापूस फुगीर असतो. एका बंडीत थोडाच मावतो, आणि लांब न्यायचा तर भाड्यातच नफा संपतो. म्हणून शेतकऱ्याला जवळचे जिन गाठावे लागते. जवळ चार जिन असतील आणि चौघांत चढाओढ असेल तर त्याचे बरे चालते. पण चौघे एक झाले तर?

हा प्रश्न काल्पनिक नाही. वऱ्हाड-खानदेशात जिन-प्रेस गरजेपेक्षा अधिक झाले. हंगाम चार-पाच महिन्यांचा, यंत्रे पुष्कळ, कापूस मोजका. तेव्हा कारखानदारांनी 'पूल' काढले. पूल म्हणजे एका बाजारातील मालकांनी आपसांत केलेला करार. सरकी काढण्याचा आणि गाठी बांधण्याचा दर सर्वांनी मिळून ठरवायचा, काही कारखाने चालवायचे, काही कुलूपबंद ठेवायचे, आणि नफा सर्वांनी वाटून घ्यायचा. ज्याच्या धुराड्यातून वर्षभर धूर निघाला नाही त्यालाही त्याचा हिस्सा घरबसल्या मिळायचा. बंद कारखान्यातील मजुराला मात्र हिस्सा नव्हता, आणि वाढीव दर अखेर कापसाच्या भावातूनच वळता होत होता.

सरकारला हे दिसत नव्हते असे नाही. १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला होता. १९२५ साली जिन-प्रेसचा कायदा झाला. गाठीवर कारखान्याची खूण असावी, नोंदी ठेवाव्यात, भेसळ होऊ नये, अशा गोष्टी त्यात आल्या. मँचेस्टर आणि मुंबईच्या खरेदीदाराला स्वच्छ माल मिळावा ही काळजी त्यात ठळक होती. शेतकऱ्यासमोर किती दारे उघडी आहेत, ही चौकशी मात्र मागेच राहिली.

येथे थोडा वेळ सातासमुद्रापार जाऊ. अमेरिकेत कोलोरॅडो, युटा या प्रांतांत बर्फाळ डोंगरांच्या पायथ्याशी लहान गावे आहेत. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाण्याचा खेळ, हाच त्यांचा कापूस. पूर्वी बहुतेक डोंगराचा मालक निराळा होता. व्हेल रिसॉर्ट्स या कंपनीने २००८ साली अनेक डोंगरांसाठी एकच हंगामी पास काढला. २०१४ साली तिने युटातील पार्क सिटी घेतले, २०१६ साली कॅनडातील व्हिसलर घेतले, आणि आज चाळीसहून अधिक ठिकाणे तिच्याकडे आहेत. २०१७ साली अल्टेरा नावाची दुसरी कंपनी उभी राहिली. पास घेणाऱ्या शहरवासीयास सोय झाली हे खरे. पण या गावांत घरे इतकी महाग झाली आहेत की तेथे राबणाऱ्या कामगाराला तेथेच राहणे परवडत नाही. डोंगर उचलून दुसरीकडे नेता येत नाही, आणि कापसाची बंडी फार लांब नेता येत नाही. ज्या गावाचा धंदा जागेला खिळलेला असतो, ते गाव एका मालकाच्या हाती अलगद सापडते.

मग उपाय कोणता? आमच्या जिल्ह्याने एक मोठा उपाय करून पाहिला आहे. व्यापाऱ्यांचा एकोपा मोडायचा तर सरकारनेच एकमेव खरेदीदार व्हावे, असा विचार पुढे आला. १९७१ साली राज्याने कायदा केला आणि १९७२ च्या हंगामापासून एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. मुख्यमंत्री वसंतराव नाईक हे याच जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातील गहुलीचे. हेतू चांगला होता, यात आम्हाला शंका नाही. भावाची हमी मिळाली आणि कापूस पडून राहील ही भीती कमी झाली, हे मान्य केलेच पाहिजे.

पण दार एकच राहिले, फक्त दारावरचा माणूस बदलला. केंद्रावर बंड्यांच्या रांगा लागू लागल्या. प्रतवारी करणाऱ्याचा शब्द अखेरचा झाला. चुकारे थकू लागले. शेजारच्या राज्यात भाव चढला की कापूस रात्री पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे जाई, आणि स्वतःच्या शेतातला माल विकणारा शेतकरी कायद्याने चोर ठरे. शेतकरी संघटनेने हा एकाधिकार उठवण्याची मागणी केली ती या अनुभवातूनच. २००२ च्या सुमारास खाजगी व्यापाऱ्यांना पुन्हा वाट मोकळी झाली आणि योजना जवळजवळ संपली.

त्याच २००२ साली दुसरी एक गोष्ट घडली. बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली. आजोबांच्या काळी सरकी घरची होती. पुढे ती जिनातून विकत आणावी लागली आणि तेथे नाना वाणांची मिसळ होऊ लागली. आता ती पाकिटातून येऊ लागली. पाकिटांवर नावे अनेक कंपन्यांची होती, पण आतला अळीरोधक गुण बहुतेकांनी महिको-मोन्सँटो यांच्याकडून परवान्याने घेतलेला. प्रारंभी साडेचारशे ग्रॅमचे पाकीट सोळाशे रुपयांच्या पुढे जाई. २००६ साली आंध्र सरकारने तक्रार लढवली तेव्हा भाव खाली आले. २०१८ साली मोन्सँटो ही बायर या जर्मन कंपनीत विलीन झाली. प्रारंभी पीक वाढले, हे सांगितले नाही तर आम्ही अन्याय करू. पण सगळ्या शिवारात एकच गुण पेरला की अळीही एकच धडा शिकते. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळी उसळली. त्याच हंगामात फवारणीच्या विषाने या जिल्ह्यातील वीसच्या आसपास माणसे दगावली. त्यांत दुसऱ्याच्या रानात रोजाने फवारणारे मजूरही होते.

या दीडशे वर्षांतून आम्ही एकच निष्कर्ष काढतो. पूल खाजगी होता, योजना सरकारी होती, बियाणे परदेशी ज्ञानाचे होते. मालक तीन प्रकारचे, पण गावाची अडचण तीच. मालक वाईट होता म्हणून गाव नाडले गेले, हे उत्तर सोपे आहे आणि अपुरे आहे. चांगल्या हेतूचा मालकही एकटाच उरला की त्याला आपली चूक सांगणारा कोणी राहत नाही. मालकाला चूक कळते ती गिऱ्हाईक उठून दुसऱ्या दारी गेल्यावरच.

म्हणून यापुढे कोणी आमच्या गावात नवे जिन, नवी गिरणी, नवे वाण वा नवा बाजार घेऊन आला, तर त्याचे स्वागत अवश्य करावे. भाव काय देणार, हे विचारावे. पण त्याआधी एक प्रश्न विचारावा: उद्या तुमच्याशी पटले नाही, तर आमची बंडी कोठे वळवायची? या प्रश्नाला ज्या गावाकडे उत्तर आहे, ते गाव मालकाशी बरोबरीने बोलते. आमच्या जिल्ह्याने हे उत्तर फार मोलाने शिकले आहे. ते विसरू नये, एवढीच विनंती.