खाँसाहेब अब्दुल करीम खाँ : १९०५ च्या विसरलेल्या तबकड्या

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे नाव निघाले की बहुतेकांच्या कानांत एकच आवाज उभा राहतो : बारीक, तरल, स्वरावरून अलगद घरंगळणारा. झिंजोटीतील ‘पिया बिन नहीं आवत चैन’ आणि भैरवीतील ‘जमुना के तीर’ या तबकड्यांनी तो घरोघर पोहोचवला. भीमसेन जोशी यांना लहानपणी गाण्याचे वेड लागले, तेही झिंजोटीची तबकडी ऐकून.

जुन्या तबकड्यांच्या शौकिनांमध्ये मात्र एक वाद कधी मिटत नाही. हे गाणे उत्तरायुष्यातले, विद्युत मायक्रोफोनच्या काळात ओडियन कंपनीसाठी गायिलेले. खाँसाहेबांचा जन्म १८७२ चा, कैराना येथील. त्यांच्या पहिल्या तबकड्या १९०५ च्या सुमारास ग्रामोफोन कंपनीने काढल्या, म्हणजे वयाच्या तेहतिशीत. त्यांतला गळा अधिक भरीव आणि ताना अधिक चपळ आहेत. मग खरे अब्दुल करीम खाँ कोणते?

ओडियनचा पक्ष घेणारे म्हणतात की प्रतिभा परिपक्व झाली ती नंतर. आधीचे सारे उमेदवारीचे. हे म्हणणे सोयीचे आहे. जुन्या तबकड्या दुर्मीळ आहेत आणि त्यांची खरखर कानाला सोसत नाही, हे त्यांच्या उपेक्षेचे खरे कारण.

त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचे, त्या हवेच्या दाबाने सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. हळुवार स्वर या यंत्राला पकडताच येत नसे. म्हणजे १९०५ चा ‘भरीव’ आवाज काही अंशी कर्ण्याने मागितलेला, आणि नंतरचा ‘तरल’ आवाज काही अंशी मायक्रोफोनने शक्य केलेला. वय आणि यंत्र यांचे हिशेब वेगळे केल्याशिवाय दोन्ही पक्षांचे निवाडे अर्धवटच ठरतात.

दुसरा घोळ गतीचा. आपण या तबकड्यांना सरसकट ‘७८ च्या’ म्हणतो. परंतु त्या काळी मिनिटाला नेमके ७८ फेरे हा नियम स्थिरावलेला नव्हता. समजा, मुद्रण ७४ फेऱ्यांवर झाले आणि आज कोणी ती तबकडी ७८ वर वाजवली, तर पट्टी जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते, लय वाढते, गळा कोवळा वाटू लागतो. तान ‘चपळ’ आहे की यंत्र, असा प्रश्न मग रास्तच ठरतो. आज महाजालावर ऐकू येणारी प्रत कोणत्या गतीवर उतरवली, हे न विचारता केलेल्या तुलना त्यामुळे पोकळ असतात.

तरी एक गोष्ट गतीला बिघडवता येत नाही. गती बदलली की षड्जासह सारे स्वर एकाच प्रमाणात सरकतात. त्यांच्यातले परस्पर अंतर कायम राहते. आणि खाँसाहेबांच्या बाबतीत महत्त्वाचे नेमके तेच आहे.

मिरजेत स्थायिक झालेल्या या गवयाला श्रुतींचा ध्यास होता. शेजारच्या सांगलीतील कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचा हिशेब मांडला, त्यासाठी खाँसाहेबांचे गाणे त्यांच्या कामी आले. पुढे अर्नेस्ट क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्यानेही याच कामात रस घेतला. देवलांचे पुस्तक १९१० चे, क्लेमेंट्स यांचे १९१३ चे.

या तारखा वादाच्या मध्यभागी ठेवून पाहाव्यात. ज्या गळ्याच्या आधारे हे सिद्धान्त उभे राहिले, तो कालदृष्ट्या १९०५ च्या तबकड्यांना जवळचा आहे. ओडियनचा गळा पुष्कळ नंतरचा. देवलांनी काय ऐकले असेल हे तपासायचे, तर कानाला गोड लागणारी झिंजोटी फारशी उपयोगाची नाही. खरखरीतून कान देऊन जुन्याच तबकड्या ऐकाव्या लागतात, आणि तेच काम आजवर फार थोड्यांनी केले आहे.