वांग्याचं व्रत आणि वांग्याची खाज

आषाढात कांदेनवमीला कांदा-वांग्यांवर शेवटचा ताव मारायचा आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांगं पुन्हा ताटात घ्यायचं, हा रिवाज सगळ्या महाराष्ट्राचा आहे. चातुर्मास कार्तिकी एकादशीलाच सुटतो, तरी अनेक घरांत वांग्यावरची बंदी चंपाषष्ठीपर्यंत चालते. खानदेशात तिला जास्त वजन आहे, कारण बंदी उठते तेव्हाच जळगावकडचं मोठं, पोपटी, पांढऱ्या रेषांचं, कमी बियांचं भरताचं वांगं भरात असतं. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. या व्रताबद्दल अलीकडे एक विधान हमखास ऐकू येतं: वांग्यानं अंगाला खाज सुटते हे पूर्वजांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ते पावसाळ्यात वर्ज्य केलं. माझ्या मते यात दोन वेगळ्या रूढींची गल्लत झाली आहे. वांग्याच्या खाजेची जाण आपल्याकडे होती, पण ती व्रतात शोधू नये. ती घरगुती पथ्यात होती.

अशा खाजेला आज आपण ‘ॲलर्जी’ म्हणतो. हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्केनं १९०६ साली घडवला. रक्तातलं जे प्रतिपिंड बहुतेक तात्काळ ॲलर्जींच्या मुळाशी असतं, ते आयजीई, इशिझाका पती-पत्नींनी अमेरिकेत १९६६ साली दाखवलं; स्वीडनमध्ये योहानसन आणि बेनिख स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोहोचले. आयजीई माणसागणिक वेगळं असतं. एकाला वांगं बाधतं, त्याच पंगतीत शेजारी बसलेल्याला काही होत नाही, आणि ज्याला बाधतं त्याला ते पौषातही बाधतं. व्रत मात्र सगळ्या घराला एका तिथीला लागू होतं आणि एका तिथीला सुटतं. शिवाय व्रतात कांदा-लसूणही वर्ज्य असतो. खाज हेच कारण असतं, तर ही यादी अशी झाली नसती. पावसाळ्यात शेंडे आणि फळं पोखरणाऱ्या अळीनं वांगी किडतात. ऋतूचं कारण हवंच असेल तर ते इथे शोधणं जास्त सयुक्तिक. धार्मिक कारण तर उघडच आहे.

पथ्याचं तसं नाही. ‘तुला वांगं चालत नाही, तू खाऊ नकोस’ हे वाक्य एका माणसाला उद्देशून असतं, आणि त्याची कसून परीक्षा झाली ती म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत. तिथले प्रथिन-रसायनशास्त्रज्ञ वाय. पी. वेंकटेश आणि त्यांचे विद्यार्थी हरीश बाबू यांनी म्हैसूरचेच ॲलर्जीतज्ज्ञ डॉ. पी. ए. महेश यांच्यासह ७४१ जणांची पाहणी केली. ती २००८ साली प्रसिद्ध झाली. सुमारे ९ टक्के लोकांत वांग्याची तक्रार किंवा त्वचेच्या चाचणीला प्रतिसाद आढळला, बायकांत जास्त. मात्र आयजीईवर बोट ठेवता येईल अशी खरी ॲलर्जी निघाली १ टक्क्याच्याही आत. पुढच्या कामात त्यांनी साल आणि गर वेगळे केले, दोन्हींचे अर्क काढले, त्यांतली प्रथिनं जेलवर आकारमानानुसार पट्ट्यापट्ट्यांनी वेगळी केली आणि कोणत्या पट्टीला रुग्णाच्या रक्तद्रवातलं आयजीई चिकटतं ते पाहिलं. चिकटणारी प्रथिनं सालीत अधिक होती. प्रथिनांवर काम करणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी प्रथिनच दिसण्याचा धोका असतो. वेंकटेश यांच्या बाबतीत तसं झालं नाही: डाळिंबाच्या ॲलर्जीत त्यांच्या प्रयोगशाळेला आरोपी सापडला तो मॅनिटॉल, म्हणजे साखरेच्या कुळातला एक साधा रेणू.

यावर कोणी म्हणेल, मग पथ्यही खोटंच ठरलं. ९ टक्क्यांपैकी बहुतेकांना ॲलर्जी नव्हतीच. हा आक्षेप वजनदार आहे, पण पुरता टिकत नाही. वांग्यात हिस्टामाइन मुळातच असतं, आणि ॲलर्जीत शरीर जे सोडतं तेही हिस्टामाइनच. त्यामुळे आयजीई नसतानाही तोंडाला किंवा अंगाला खाज सुटू शकते. याच म्हैसूरकरांनी २००९ साली दाखवलं की हिस्टामाइनला जास्त संवेदनशील असलेल्या माणसावर वांग्याच्या ॲलर्जीचा शिक्का चुकून बसू शकतो. पथ्य सांगणाऱ्या आजीनं खाजेचं कारण सांगितलंच नव्हतं, तिनं खाज पाहिली होती. तिचं निरीक्षण खरं होतं. त्याला सरसकट ‘ॲलर्जी’ म्हणायची घाई आपली.

दुसरा आक्षेप खास खानदेशी. भरीत करताना वांगी काट्यांच्या जाळावर काळी होईपर्यंत भाजतात, साल सोलून टाकतात आणि गर हिरवी मिरची-लसणासह लाकडी भांड्यात ठेचतात. म्हणजे जास्त दोषी प्रथिनं असलेला भाग आधीच बाजूला होतो, तेव्हा भरीत निर्धोक म्हणावं का? तसा निष्कर्ष काढता येत नाही. ती प्रथिनं सालीत जास्त सापडली, केवळ सालीत नव्हे. हिस्टामाइन तर भाजण्यानं नाहीसं होत नाही. आणि ती माणसं म्हैसूरची होती, वांगीही तिकडचीच. जळगावकडच्या बामणोद-भालोद गावांच्या वांग्याची साल आणि गर असेच वेगळे करून, इथल्याच लोकांच्या रक्तद्रवावर तपासल्याशिवाय भरताच्या बाजूनं किंवा विरुद्ध काही ठामपणे बोलता येणार नाही.