उपाहारगृहातील पेला आणि कायदा

उपाहारगृहात कोणीही जावे, हे आज स्वाभाविक वाटते. तो हक्क घटनेने दिला. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेतील चर्चेत डॉ. आंबेडकरांनी ‘दुकान’ शब्दाचा व्यापक अर्थ सांगितला : अटी मान्य करणाऱ्यास जेथे सेवा मिळते ते ठिकाण. पुढे कलम १५(२) मध्ये उपाहारगृहांचा स्पष्ट उल्लेख झाला. परंतु आत प्रवेश देऊनही चहाचा पेला वेगळा ठेवता येतो. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाच्या कलम ४ मध्ये म्हणूनच तेथील भांड्यांच्या वापराचा हक्कही आला. १९७६ च्या दुरुस्तीने शिक्षा कडक झाली. तरीही तामिळनाडूत दोन पेल्यांची प्रथा त्यानंतरही आढळत राहिली. हा भेद कागदोपत्री अहवालात दिसत नाही. त्यासाठी अधिकाऱ्याला टपरीवर बसून चहा घ्यावा लागतो.