तक्रार न करणारे हृदय

सोलापुरात यंत्रमागावर दिवसभर उभा राहणारा कामगार म्हणतो, "मला काही होत नाही." तरीही त्याचा रक्तदाब वाढलेला असू शकतो. अशा वेळी हृदयाला प्रत्येक ठोक्याला जास्त जोराने रक्त ढकलावे लागते. कसरत करून दंडाचा स्नायू वाढतो, तशी हृदयाच्या डाव्या जवनिकेची भिंत जाड होते. पुढे ती ताठरते आणि अखेर थकते. धाप लागू लागेपर्यंत बरीच वर्षे उलटून गेलेली असतात.

दंडाला पट्टा बांधून, स्टेथोस्कोपने आवाज ऐकून रक्तदाब मोजण्याची पद्धत रशियातील कोरोत्कॉव यांनी १९०५ मध्ये सांगितली. मोजमाप जमले, पण उपाय? सुरुवातीची काही दशके विश्रांती व आहारातील पथ्य यांपलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते.

सर्पगंधेच्या मुळ्या आपल्याकडे पूर्वापार औषधात होत्या. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी त्यांनी रक्तदाब उतरतो असे नोंदवले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडली, आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले.

तरी खरा प्रश्न उरलाच. आकडा उतरला, म्हणजे माणूस वाचला का? ज्याला फारसा त्रासच नाही, त्याने रोज गोळी का घ्यावी? अमेरिकेत १४३ पुरुषांचे दोन गट केले गेले. सर्वांचा खालचा रक्तदाब ११५ ते १२९ होता. एका गटाला रिसर्पिनसह तीन औषधे, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. १९६७ मध्ये निष्कर्ष आले : औषधाविना गटात २७ जणांना गंभीर विकार झाले, औषध घेणाऱ्यांत फक्त दोघांना.

आज रिसर्पिन क्वचितच वापरतात. त्याहून सोयीची औषधे आली आहेत. १९५३ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेल्या, ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याच्या तंत्रामुळे जवनिकेची जाडी आणि तिची रक्त ढकलण्याची ताकदही आता मोजता येते.

हा भाग वर्गात घेताना मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा : दुसरा गट नसता, तर त्या 'दोन' या आकड्यावरून आपल्याला काय कळले असते?